ठमीला पडलेली मतं

आमच्या घराचं मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला मुंबईच्या एका हिरोचा पुरस्कार लावलेला आहे. हिरोला याची कल्पना नाही. तो पुरस्कार घ्यायला आलाच नव्हता. वऱ्हाडातल्या लेकरांनी आपल्याला पोत्यानं मतं दिली होती, हे त्याला कधी कळलं असेल असंही मला वाटत नाही. घरी पाहुणे आले की त्यांची नजर त्या दाराकडे जाते आणि ते विचारतात, "हे काय हो?" मग आमचे हे स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतात, "चहा दोनदा मांडा लागते आता. हिची गोष्ट सुरू झाली."

ती गोष्ट मी बरी सांगते, असं सगळे म्हणतात. लग्नकार्यात मला आग्रह करकरून सांगायला लावतात. माझ्या मुलीला तर ती पाठ आहे. मी एखादा शब्द चुकले तर ती दुरुस्त करते. पण त्या गोष्टीचा शेवट घरात कुणालाच माहीत नाही. जिथं हसू संपतं तिथं मी उठते आणि रिकामे कप गोळा करते. आज कप गोळा करायला जागा नाही, म्हणून पुढचंही लिहिते.

अमरावतीला राजापेठेत एका टायरच्या दुकानावर आमचं केबल चॅनल होतं. त्याचं नाव सांगत नाही. चॅनल बंद पडलं, पण मालक ठणठणीत आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. मी तिथं बातम्या द्यायचे. म्हणजे बातम्या लिहायचे, वाचायचे आणि वाचण्याआधी पंखा बंद करायचे, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये जायची. मे महिन्यातल्या अमरावतीत पंखा बंद करून बातम्या वाचून पाहा. लोकांना वाटायचं, बातमी फार गंभीर आहे, मॅडमला घाम फुटला.

मालकांना आम्ही सगळे दादा म्हणत असू. दादांनी एकदा कुठल्याशा मोठ्या वाहिनीवर लेकरांच्या मतांवर दिले जाणारे पुरस्कार पाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन, पायातली चप्पल काढता काढताच म्हणाले, "रेखाताई, आपूनबी करू. मोठ्या माणसायले तं सारेच इचारतात. लेकराले कोन इचारते?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते कार्यक्रमाच्या जाहिरातीत घातलं. पुढं दहा-बारा वर्षं ते वाक्य मीच माझ्या आवाजात म्हणत आले. "लेकरांची पसंती" असं कार्यक्रमाचं नाव ठेवलं आणि काम माझ्याकडे आलं. दादांचं म्हणणं, बाईमाणूस आहे, लेकरांचं तिलाच जमेल. मला तेव्हा लेकरांबद्दल एवढंच कळत होतं की माझी स्वतःची पोरगी माझं ऐकत नाही.

ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी मतपत्रिका छापायच्या. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, तीवर आवडता हिरो, आवडती मालिका, आवडती जाहिरात आणि सगळ्यात शेवटी "आपल्या गावचा आवडता कलाकार". प्रत्येकापुढे एक ओळ रिकामी: "का आवडतो?" चिठ्ठ्या शाळाशाळांत वाटायच्या आणि वह्यापुस्तकांच्या दुकानांत पेट्या ठेवायच्या. पेट्या म्हणजे तेलाचे पंधरा किलोचे रिकामे पिपे, वरून फट पाडलेले. पिपे धुतले होते, पण वाळले नव्हते. त्यामुळे पहिल्या वर्षीची सगळी मतं तेलकट होती आणि मोजताना एकाला एक चिकटत होती. घरी आल्यावर आमचे हे म्हणायचे, "आज भजे कुठं तळून आली?"

पिप्यांतून फक्त मतं निघत नसत. गोळीचे कागद, मोडलेली पेन्सिल, एकदा एक दुधाचा दात कागदात गुंडाळलेला, त्यावर "बक्षीस पाठवा" असं लिहून पत्ता. आवडता हिरो म्हणून गणपतीला दरवर्षी पाच-पन्नास मतं पडत. एकानं आवडत्या जाहिरातीत "नको" एवढंच लिहिलं होतं. मला आजही वाटतं की तो मुलगा पुढं मोठा माणूस झाला असणार.

एक दिवस बडनेऱ्याहून एक आजोबा नातीला घेऊन ऑफिसात आले. नात चौथीत. ती माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "मले माह्यं मत वापस पाहिजे."

मी म्हटलं, "का गं?"

"त्यानं काल मालिकेत त्याच्या मायले ढकललं."

आजोबा ओशाळून म्हणाले, "तीन दिवसांपासून जेवून नाई राहिली, मॅडम. म्हनते, मी चुकीचं मत देल्लं."

मत परत देण्याचा नियम आमच्याकडे नव्हता. तो जगात कुठंच नसावा. मी तिला एक कोरी चिठ्ठी दिली. तिनं तिथंच खाली बसून, कोपऱ्यात वळून, माझ्यापासून लपवून ती भरली आणि स्वतःच्या हातानं पिप्यात टाकली. एवढ्या गंभीरपणे मत देताना मी मोठ्या माणसाला पाहिलेलं नाही. मीही देत नाही.

आता हिरोचं. मुंबईच्या मंडळींना आम्ही रीतसर पत्र पाठवायचो. कुणी येत नसे. मग "त्यांच्या वतीने" कुणीतरी पुरस्कार स्वीकारायचं. एका वर्षी गांधी चौकातल्या चपलांच्या दुकानाचे मालक उठले. त्यांनी पुरस्कार घेतला आणि माइक धरून म्हणाले, "या यशामागे माझ्या आईवडिलांचा हात आहे." हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. असे वतीनं घेतलेले पुरस्कार पुढं कुणी नेत नसे; ते माझ्या घरी यायचे. एकाखाली विजेची बिलं असतात, एकावर आमचे हे टोपी ठेवतात. एक कपाटावर होता, त्याचं पुढं येईलच.

अकोल्यापर्यंत आमचं केबलचं जाळं गेलं तेव्हा आणखी मजा झाली. अकोल्याची लेकरं अमरावतीच्या कलाकाराला मत देईनात आणि अमरावतीची अकोल्याच्या. "का आवडतो?" पुढे अकोल्याच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "अमरावतीचा नाही म्हणून." मोठ्या माणसांनी शिकवलेलं लेकरं किती नीट लिहून काढतात!

आणि आता ती युक्ती सांगते, जिच्यावर लोक सगळ्यात जास्त हसतात.

कार्यक्रम दाखवायचा बालदिनाला. मतं त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत येत राहायची. पण हॉल मिळायचा दिवाळीच्या आधी, शाळांची लेकरंही तेव्हाच मिळायची आणि चित्रीकरणाची काटछाट करायला आठ दिवस लागायचे. म्हणजे निकाल लागायच्या आधी बक्षीस समारंभ उरकणं भाग होतं. यावर दादांनी तोड काढली. शेवटच्या फेरीतल्या तिघांनाही एकामागून एक जिंकवायचं. तिघांचं नाव पुकारायचं, तिघांनी आश्चर्यचकित व्हायचं, स्टेजवर यायचं, पुरस्कार घ्यायचा, आभार मानायचे. पुरस्कार एकच, पहिल्यानं पडद्यामागं नेऊन दुसऱ्याला द्यायचा. लेकरांनी तीनदा टाळ्या वाजवायच्या. पुढं मतं मोजून जो खरा निघेल त्याचं चित्रीकरण लावायचं, बाकीची दोन पुसायची.

मी स्टेजमागं उभी राहून सांगायचे, "जिंकल्यासारखं करा हं. रडू आलं तर रडा, पण माइक सोडून रडू नका." एक गायक दोनदा चांगला रडला नाही म्हणून आम्ही त्याला तिसऱ्यांदा जिंकवलं होतं. लोक इथं पोट धरून हसतात. मी इथं कप गोळा करते.

देवीदास इंगोले तिवशाच्या एका शाळेत शिपाई होता. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला लाजरा. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, आणि मधल्या सुट्टीत रडणाऱ्या पोरांना गप्प करण्यासाठी एक बाहुली बोलती करायची. जुन्या लुगड्याची, कापसानं भरलेली, डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं असलेली ही म्हातारी बाहुली म्हणजे ठमी. आमच्या कॅमेरामननं तिला एका स्नेहसंमेलनात पाहिलं आणि देवीदासला आणलं. मग दर रविवारी सकाळी अर्धा तास "ठमी आली" सुरू झालं.

ठमी घरच्यासारखं बोलायची. देवीदास तिला शुद्ध भाषेत विचारायचा, "ठमाबाई, आपण अभ्यास केला का?" ठमी म्हणायची, "काहून करू? तू करून राह्यला का?" रविवारी सकाळी अमरावतीतल्या गल्ल्यांमधून एकाच वेळी सगळ्या घरांतून लेकरं हसायची. मी स्वतः दूध आणायला गेले असताना ऐकलं आहे. बातम्या वाचून मला असं सुख कधी मिळालं नाही.

त्या वर्षी "आपल्या गावचा आवडता कलाकार" साठी शेवटच्या तिघांत देवीदास होता. दुसरे होते अकोल्याचे अमोल सर, एका मोठ्या कोचिंग क्लासात शिकवायचे आणि आमच्याकडे सामान्यज्ञानाचा कार्यक्रम करायचे. तिसरी एक गाणारी मुलगी. चित्रीकरणाच्या दिवशी देवीदासनं आईला आणलं होतं. कौसल्याबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, पाय वर घेऊन बसल्या होत्या. देवीदासचं नाव सगळ्यात आधी पुकारलं. तो आला, पुरस्कार घेतला आणि एवढंच म्हणाला, "ठमीच्या वतीनं घेतो." मला वाटलं, वतीनं घेतलेला हा एकच पुरस्कार खरा. कौसल्याबाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या थांबल्या तरी उभ्याच होत्या. लगेच त्यांना चहाला म्हणून त्यांचा नातेवाईक बाहेर घेऊन गेला. अमोल सरांचं आणि त्या मुलीचं जिंकणं त्यांनी पाहिलंच नाही.

मतांची मुदत संपल्यावर देवीदास ऑफिसात आला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मॅडम, एक इचारू का? मायनं साऱ्या तिवशाले सांगून देल्लं. म्हनते, माह्या डोयानं पाह्यलं. मी सांगतो का असं नसते, अजून मतं मोजाची हायेत, तं मलेच म्हनते, तू लाजून राह्यला. पोरं बॅनर लावाचं म्हनतात. विहारात टीव्ही लावून सारे पाहनार हायेत. काय सांगू मी त्याईले?"

निकाल आधी कुणाला सांगायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. तो मीच केला होता. पण मतं मोजून झाली होती. तीन पोती होती, आणि दुसऱ्याचं नाव शोधायला हात खालपर्यंत घालावा लागत होता, इतकी ठमीच ठमी. मी हलक्या आवाजात म्हटलं, "देवीदासभाऊ, लावू द्या बॅनर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडले, आणि जाताना दारात चप्पल उलटी घालून गेला.

बालदिनाच्या तीन दिवस आधी दादांनी मला आत बोलावलं. समोर अकोल्याच्या क्लासचे संचालक बसले होते. फार सभ्य माणूस. मला बसायला सांगितलं, मुलीची चौकशी केली. मग म्हणाले, "मॅडम, आम्ही तुमच्या कार्यक्रमाचे प्रायोजक. आमच्याकडे पालक मुलांना कशाला पाठवतात? चांगलं बोलावं, पुढं जावं म्हणून. आणि आमच्या नावाखाली पहिला पुरस्कार कुणाला? मले-तुले करणाऱ्या बाहुलीला?"

मी म्हटलं, "सर, मतं लेकरांची आहेत."

"लेकरांना काय कळतं?" ते अगदी मायेनं म्हणाले.

ते गेल्यावर मी दादांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. लेकराले कोन इचारते! दादा खिडकीतून खाली टायरच्या दुकानाकडे पाहत म्हणाले, "इचारलं ना आपून. इचारनं येगळं, आन् देनं येगळं. सालभराची जाहिरात हाय रेखाताई, पंधरा मानसं हायेत आपल्याकडं. पुढच्या वर्षी ठमीले देऊ. लेकरं चार दिवसांत इसरतात."

पंधरा माणसांत एक मी होते. तेव्हा आमच्या ह्यांची नोकरी नुकतीच गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे सांगतेच आहे, पण तुम्ही ते कारण म्हणून घेऊ नका.

एडिटिंगच्या खोलीत रफिक बसला होता. त्याच्यापुढं तीन तुकडे काढून ठेवलेले. मतांचा निकाल त्याला ठाऊक होता; पोती उचलायला तोच आला होता. तरी त्यानं विचारलं, "मॅडम, कोनसा लगाऊं?"

मी म्हटलं, "दोन नंबरचं लाव."

त्यानं बाकीचे दोन बाजूला सारले आणि ते लावलं. अमोल सरांना फोन करून अभिनंदन केलं तर ते म्हणाले, "मॅडम, खरंच मुलांनी मला दिलं?" मी म्हटलं, "खरंच." बातम्या वाचायच्या आवाजात म्हटलं. त्या आवाजावर लोकांचा विश्वास बसायचा.

आणि देवीदासला मी फोन केला नाही. तीन दिवस होते. उचलला की लागला असता. पहिल्या दिवशी वाटलं, काय शब्दांत सांगावं ते ठरवू. दुसऱ्या दिवशी वाटलं, दादाच सांगतील. तिसऱ्या दिवशी मी फोनपासून दूर राहून फाइली आवरत होते. फाइली आवरता आवरता मतांची तीनही पोती रद्दीवाल्याला देऊन टाकली. नियमाप्रमाणे ती वर्षभर ठेवायची असत. तोही नियम मीच केलेला होता.

बालदिनाला सकाळी दहा वाजता कार्यक्रम लागला. मी घरी, मुलीशेजारी बसून पाहिला. ती तेव्हा पाचवीत होती. अमोल सरांचं नाव पुकारलं गेलं तशी ती माझ्याकडे वळली.

"आई, आमच्या साऱ्या वर्गानं ठमीले दिलं होतं."

"बाकीच्या शाळांनी नसेल दिलं," मी म्हटलं.

ती थोडा वेळ टीव्ही पाहत राहिली आणि मग आत निघून गेली. त्या सकाळचं ती विसरली आहे. मी विचारून पाहिलं. दादांचं बरोबर होतं.

चार दिवसांनी देवीदास आला. मी खुर्चीतून उठले. तो ओरडेल, भांडेल, अशी मी तयारी केली होती, उत्तरंही पाठ होती. तो उभ्यानंच म्हणाला, "मॅडम, ते माह्यं वालं रेकॉर्डिंग भेटन का? माय म्हनते, विहारातला टीव्ही बिघडला होता, दुसरंच काही लागलं. तिले एकडाव दाखवून देतो. मंग बाकीचे काय म्हनतात त्याचं पाहू."

मी रफिककडं गेले. आमच्याकडे कॅसेटवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण करायची पद्धत. नवी कॅसेट दादा देत नसत. देवीदासच्या जिंकण्यावर एका नगरसेवकाचा वाढदिवस चढला होता. केक कापण्याच्या आधी एक क्षण पांढरं लुगडं दिसलं, कौसल्याबाईंचं असावं, आणि मग केक.

बाहेर येऊन मी देवीदासला म्हटलं, "पुसलं गेलं."

"बरं," तो म्हणाला. पुढच्या रविवारी तो चित्रीकरणाला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तीन रविवार लेकरांचे फोन आले, चौथ्या रविवारी त्या वेळेला आम्ही साड्यांच्या सेलची जाहिरात लावली.

महिन्याभरानं मला राहवेना. मग माझ्या बुद्धीनं एक उपाय काढला. कपाटावर एका हिरोचा पुरस्कार पडून होता. मी त्यावरची नावाची पट्टी चाकूनं काढली, डिंक खरवडला आणि दुकानातून नवी पट्टी करून आणली: "आवडता कलाकार – देवीदास इंगोले". पिशवीत घातला आणि नागपूर रस्त्यावरची एसटी पकडून तिवशाला गेले. वाटेत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. म्हातारीला काय, पुरस्कार हातात मिळाला की झालं. टीव्ही बिघडला होता म्हणतेच आहे. तेच खरं करून टाकू.

घर विचारत गेले. बाजूला न्हाणीवर छपरासारखं एक फ्लेक्स टाकलं होतं, उलटी बाजू वर. खालून पाहिल्यावर दिसलं, आतल्या बाजूला "हार्दिक अभिनंदन" आणि ठमीला हातात धरलेला देवीदास. पाऊस-ऊन लागू नये म्हणून त्याचं तोंड आत केलं होतं, की लोकांना दिसू नये म्हणून, मी विचारलं नाही.

देवीदासनं खुर्ची दिली. कौसल्याबाई बाजेवर बसल्या होत्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खालच्या फळीवर वर्तमानपत्राची घडी आणि घडीवर चष्मा. हे सगळं मी पाहिलं आणि तरी माझ्या काही लक्षात आलं नाही. मी पिशवीतून पुरस्कार काढून त्यांच्या हातात दिला.

"आजी, हा तुमच्या देवीदासचा. द्यायचा राहून गेला होता. त्या दिवशी टीव्हीत काहीतरी गडबड झाली."

त्यांनी तो मांडीवर घेतला. फळीवरचा चष्मा लावला. पट्टीवरून बोट फिरवलं, मग पुरस्कार उलटा केला. बुडाला एक छोटी चिकटपट्टी होती, ती मला दिसलीच नव्हती. कौसल्याबाईंनी एकेक अक्षर नीट वाचत त्या हिरोचं नाव मोठ्यानं उच्चारलं.

देवीदास जमिनीकडे पाहत म्हणाला, "मायले वाचता येते, मॅडम. प्रौढ शिक्षणात शिकली ते. रोज पेपर वाचते."

मी रिकामी पिशवी मांडीवर ओढली.

कौसल्याबाईंनी पुरस्कार माझ्या पिशवीत परत ठेवला, पडू नये म्हणून पिशवीचं तोंडही नीट मुडपलं. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "टीव्ही बिघडला नोता, मले तवाच समजलं. लोकायसमोर काही तं बोला लागते ना. तू हे राहू दे, बाई. मले एक सांग. लेकरायनं खरंच देल्ते का याले?"

"दिली होती. सगळ्यात जास्त."

"मंग त्या चिठ्ठ्या कुठं हायेत? त्या दे मले. याच्यापरीस त्या बऱ्या."

"त्या नाहीत आता," मी म्हटलं. रद्दीत घातल्या हे सांगायची हिंमत झाली नाही.

"काय लिवलं होतं त्याईनं?"

आणि तेव्हा मला कळलं की ते सगळं माझ्यापाशी आहे. मोजताना मी नुसती मोजली नव्हती. मी त्यांना सांगू लागले. एकानं लिहिलं होतं, "ठमी माझ्या आजीसारखी बोलते." एकानं, "तिले इंग्रजी येत नाही तरी ती भेत नाही." एकीनं, "ती चुकली तरी तिला कोणी मारत नाही." कुणी लिहिलं होतं, "आवडते म्हणून आवडते." भातकुलीच्या एका मुलाचं होतं, "ठमी पाहताना माझे बाबा पण हसले." एकानं नुसतं "सांगणार नाही" लिहून खाली ठमीचं चित्र काढलं होतं, बटणांच्या डोळ्यांत चार-चार भोकंसुद्धा. देवीदास उठून बाहेर गेला. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मी सांगत राहिले. वीस असतील, तीस असतील. माझ्या गोष्टी लोक हसत ऐकतात. कौसल्याबाई मान हलवत, एकेकाला "हो" म्हणत ऐकत होत्या, जणू ती लेकरं समोर येऊन सांगत होती.

माझं संपलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"इतकं पाठ हाय तुले," त्या म्हणाल्या. "मंग तवा काहून नाई बोलली, वं माय?"

चहा निवून गेला होता. मी तो सगळा प्याले. कप मात्र तिथंच राहिला. तो उचलून आत नेण्याइतकं त्या घरात माझं काही नव्हतं.

पुढं मतं मोबाइलवर आली, मग ॲपवर, आणि एकेका बापानं बारा-बारा सिमकार्डांवरून आपल्या पोरासाठी मतं दिली. ठमीला द्यायचं "पुढचं वर्ष" कधी आलं नाही. मी मात्र आणखी सात वर्षं तिथं काम केलं आणि दरवर्षी माइकपुढं म्हणत राहिले, "मोठ्या माणसांना तर सगळेच विचारतात. लेकरांना कोण विचारतं?"

मागच्या दाराला लावलेला पुरस्कार तो, तिवशाहून परत आलेला. नव्या पट्टीची बाजू मी भिंतीकडे करून ठेवली आहे.